कुंदा, तुझा खांदा कोणी पाहिला?

कर्मयोगिनी म्हणाले तुला, कुंदा. काल दुपारी, तुझ्या शोकसभेत, हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून. एकाने म्हटलं आणि मग तो शब्द सगळ्यांनाच आवडला. जो उठला त्याने तोच उगाळला. 'काम करता करता देह ठेवला', 'असं मरण भाग्यवंतालाच येतं', 'देवालाही चांगली माणसं लागतात'. पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीवर. बोलून झालं की प्रत्येक जण खाली उतरून तिच्या पाया पडत होता. मी मागच्या खुर्चीत दात आवळून बसले होते. पन्नाशीची धडधाकट बाई, दिवसभर दुसऱ्यांचे खांदे तपासून झाल्यावर, सोनोग्राफीच्या मशीनसमोरच्या स्टुलावर हार्ट अटॅकने जाते, आणि हे भाग्य!

मला राग आला आहे. त्यांचा तर आलाच आहे, पण जास्त तुझा. रडणं मागाहून होईल. आधी भांडण पुरं करू दे, कारण ते तू अर्धं टाकून गेलीस. आणि आणखी एक सांगायचं आहे. तुझ्या आईला जे कोणी सांगत नव्हतं, ते काल मी भर सभेत सांगून बसले. बरोबर केलं की वाईट केलं, हे मला अजून कळत नाही.

सभेला कोण कोण होतं ते ऐक. ते मोठे हाडांचे डॉक्टर होते, ज्यांनी भर पार्टीत तुझ्या तोंडावर म्हटलं होतं, "कुंदा मॅडम के सेंटर में तो नौटंकी चलती है." काल सर्वांत जास्त गळा त्यांचाच भरून आला. नौटंकी का, तर तुझ्या तपासणीच्या खोलीत, एसीखाली, मशीनशेजारी भिंतीला एक सूप टेकवलेलं असायचं. बांबूचं, धान पाखडायचं. आणि खिळ्याला एक विळा, पात्याला चिंधी गुंडाळलेला. सोनोग्राफी सेंटरमध्ये सूप आणि विळा! गोंदियातल्या डॉक्टरांना वर्षभर पुरेल इतकं हसू तू फुकट दिलंस.

त्यामागची गोष्ट त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारली नाही. खांदा एका जागी बसवून दिसत नाही, हे तू मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतंस. हात खाली लोंबत असला की वरची नस, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडाच्या छपराखाली लपते; तुटलेली असली तरी पडद्यावर अर्धीमुर्धी दिसते. हात मागे कमरेशी नेला की ती पुढे सरकते. कोपर पोटाशी धरून पंजा बाहेर फिरवला की समोरची दिसते, हात दुसऱ्या खांद्यावर ठेवला की मागची. आणि हात हळूहळू वर उचलायला लावला की नेमकं कुठे अडतं ते कळतं. पुस्तकात लिहिलं आहे, पेशंटला सांगा, मागच्या खिशात हात घाल. ते वाचून दाखवून तू म्हणाली होतीस, "काऊन वं रंजू, आपल्या बायांच्या लुगड्याले मागं खिसा कोनं शिवला?"

म्हणून तो विळा. "कापनीले चालली ना? इळा कमरेले मागं खोच," तू म्हणायचीस, आणि बाईचा हात आपोआप तिथे जायचा जिथे तुला हवा असायचा. "त्या खांद्यावर डास बसला, मार." "पाहुना आला, हातानं या म्हन, पन कोपर हालवू नको." आणि शेवटी सूप. "उचल, धान उडव." सूप वर जाता जाता जिथे थांबायचं तिथे तू पडद्याकडे पाहायचीस, मग तिच्या तोंडाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. दोन्ही जुळेपर्यंत तू रिपोर्ट लिहायची नाहीस. पेशंटला नागपूरला एमआरआयला पाठवून मोकळं होणाऱ्यांना ही नौटंकीच वाटणार. त्या बोगद्यात बाई हात सरळ ठेवून निपचित पडते. "झोपलेल्या मानसाचा खांदा सांगते थो," तू म्हणायचीस, "कामाचा नाही सांगत."

आणि सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोट, पोट म्हटलं की बाळ. भिंतीवर गर्भलिंग निदानाच्या कायद्याचा बोर्ड, बाकावर पोटुशा पोरी, आणि त्यांच्यात खांदा धरून बसलेली साठीची आजी, लाजेने अर्धी झालेली. "या वयात सोनोग्राफी? गावाले काय सांगू?" म्हणून तू गुरुवार फक्त खांद्यांचा केलास. मशीन उचलून गावोगाव न्यायची कायद्याने सोय नाही, तेव्हा गावांनी मशीनकडे यायचं. सडक अर्जुनीहून, सालेकश्याहून, पहिल्या बसने बाया यायच्या आणि एकमेकींना खांदे दाखवत बाकावर बसायच्या.

चोरखमाऱ्याकडची ती सून आठवते? मळणीपासून तिचा उजवा हात वर जात नव्हता. कुठेतरी हात खाली सोडून काढलेला रिपोर्ट नॉर्मल होता, आणि सासूने त्या नॉर्मलचा अर्थ लावला होता, कामचुकार. डोक्यावर पाण्याचा हंडा चढवताना सून कण्हली तरी घरात ते नाटक ठरत होतं. त्या दिवशी मी तुझ्या खोलीतच होते. तू तिचा हात विळा खोचायला मागे नेलास, पडद्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यात काळी भेग उघडली, आणि तू दार उघडून सासूला आत बोलावलंस.

"हे काय काळं दिसून राहिलं?" सासू म्हणाली.

"नस तुटली तिची."

"पन त्या डॉक्टरनं त नारमल म्हटलं."

"हात खाली ठेवून पाह्यलं त्यानं. तुमची सून हात खाली ठेवून धान उडवते का?"

सासूने पडद्यावरच्या भेगेवर बोट ठेवलं. मग सुनेच्या खांद्यावरची जेली तिने आपल्या पदराने पुसली. तू तेव्हा मुद्दाम दुसरीकडे पाहिलंस. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "चाल, चहा पाज. आज पोट भरलं."

असे गुरुवार तू मला दिलेस, कुंदा. मी मेडिकल स्टोअरच्या मागच्या खोलीत दोन खाटा टाकून फिजिओथेरपी सुरू केली तेव्हा डॉक्टर लोक मला 'मालिशवाली' म्हणायचे, तेही मी समोर असताना. रिपोर्ट लिहून हात झटकणारे पुष्कळ होते. तू एकटीच फोन करून विचारायचीस, "थ्या बाईचा हात कुठवर गेला?" मी सांगितलं ते तुझ्या रिपोर्टशी जुळलं नाही तर तू पेशंटला पुन्हा बोलवायचीस, पुन्हा बघायचीस, आणि चुकलं असेल तर 'चुकलं' म्हणायचीस. हा शब्द डॉक्टरही तोंडातून काढू शकतो, हे मला तुझ्यामुळे कळलं. याबद्दल मी कधी तुझे आभार मानले नाहीत. मानले असते तर 'काय पागलपना लावला' म्हणून तू माझी जी खिल्ली उडवली असतीस, ती आज सुद्धा मला चालली असती.

आणि आता तुझा खांदा. डावा.

तू आपण होऊन काही सांगितलंच नाहीस. चहा पिता पिता तू तो चोळताना मीच पाहिलं. मग एका संध्याकाळी फोन आला, आवाज असा खुशीत की मला वाटलं नवं मशीन आलं.

"रंजू, सापडली! माही पन नस फाटून आहे. जराशी. मीच पाह्यली."

"हात हालवला का दुखते?"

"जिना चढला का दुखते."

"जिन्याचा आन खांद्याचा काय संबंध वं?"

"खांद्याले पर्स राहते ना."

"कुंदा, ईसीजी काढ."

"तू खांद्याची आहेस, खांद्यातच राह्य. छातीत कायले शिरून राहिली?"

एरवी आपण अशा बोलण्यावर हसतो. त्या दिवशी मी चिडले आणि तूही चिडलीस. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या सेंटरवर येऊन, रिसेप्शनसमोर, सगळ्यांदेखत तेच म्हटलं. तू दबक्या आवाजात म्हणालीस, "गुरुवार होऊ दे. बाया दुरून दुरून येऊन राहिल्या." गुरुवार झाला. शेवटची बाई गेली, तू पाणी मागवलंस, आणि पाणी येईपर्यंत तू नव्हतीस.

तेव्हापासून मी एकच गोष्ट डोक्यात घोळवते आहे. तू स्वतःचा खांदा पाहिलास कसा? उजव्या हातात खांद्यावर फिरवायचा प्रोब. मग चित्र थांबवायला, मोजायला, बटणं दाबायला उरतो डावा. म्हणजे डावा हात सगळा वेळ समोर, बटणांवर. तो मागे नेला नाहीस, आडवा नेला नाहीस, वर उचलला नाहीस. एकाच अवस्थेतला खांदा पाहून रिपोर्ट लिहिणाऱ्यांना जिने जन्मभर शिव्या घातल्या, तिने आपला खांदा एकाच अवस्थेत पाहिला, एक फाटका धागा दिसला, आणि खूश होऊन मशीन बंद केलं. अगं, आपल्या वयात कुणाच्या खांद्यात फाटका धागा नसतो? दिसलं तेच दुखतं असं नाही, हे कोण सांगायचं? हात फिरवला की खांद्याचं दुखणं वाढलं तरी पाहिजे नाहीतर कमी तरी झालं पाहिजे; कुठल्याच अवस्थेत बदललं नाही तर ते खांद्याचं नव्हे, दुसऱ्या घरून आलेलं आहे, हे मला कोणी शिकवलं? तूच ना?

आणि बटणं दाबायला माणूस मिळत नव्हतं का? मी दोन गल्ल्या पलीकडे होते. हाक मारली असतीस तर चप्पल न घालता आले असते. तुला टेबलावर बसवलं असतं, तुझाच विळा तुझ्या कमरेला खोचायला लावला असता, खांद्यावरचा डास मारायला लावला असता. तुझा हात सगळीकडे फिरवला असता आणि एकदाही तुझ्या तोंडून 'आई गं' निघालं नसतं, तर त्याच कपड्यांत तुला ईसीजीला ओढत नेलं असतं. पण तुला टेबलावर बसायचंच नव्हतं. साऱ्या जिल्ह्याच्या बाया तू त्या टेबलावर बसवल्यास, स्वतः मात्र कायम स्टुलावर. याला लोक सेवा म्हणतात. मी याला माज म्हणते, आणि तू समोर असतीस तरी हेच म्हटलं असतं.

सभेत तो सालेकश्याचा रेल्वेतला ट्रॅकमन आला होता. फूल वाहून तो माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. त्याचाही डावाच खांदा होता. नस फाटली का ते बघायला हाडांच्या डॉक्टरांनी तुझ्याकडे पाठवलेला. माझ्याकडे वाकून तो हळूच म्हणाला, "मॅडमनं माहा हात चारी बाजूनं फिरवला. म्हने, फाटून त आहे भाऊ, पन तुह्यं दुखनं ते नोहे. आन सोता ऑटोत बसवून मले दिलाच्या डॉक्टरकडं धाडलं. त्या दिवशी नाही जातो त मी मेलोच होतो." मग त्याने विचारलं, "ताई, मॅडमले काय झालतं?"

व्यासपीठावर तेव्हा कोणीतरी पुन्हा भाग्यवंत म्हणत होतं. मी उठले. माईक कोणी दिला नाही, मी घेतला.

मी म्हटलं, "कुंदाला देवाने नेलं नाही. तिचं दुखणं हृदयाचं होतं. ते खांद्यात येत होतं, आणि तिने खांद्याचं समजून अंगावर काढलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर तिने तिथल्या तिथे ओळखलं असतं. इथे मागे एक भाऊ बसले आहेत, त्यांना विचारा. तिचा खांदा मात्र कोणी तपासला नाही, कारण तिने कोणाला हात लावू दिला नाही. याला भाग्य म्हणू नका. हे म्हणून म्हणून तुम्ही उद्या आणखी एखादीला मारून टाकाल."

एवढंच बोलता आलं. हाडांचे डॉक्टर उठून उभे राहिले. "ये कोई समय है, मैडम? माताजी के सामने?" कोणीतरी माझ्या हातातून माईक काढून घेतला. तुझी आई उठली, पदर सारखा केला, आणि कोणाकडे न पाहता निघून गेली.

घरी आल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. तू लग्न केलं नाहीस, घरात तुम्ही दोघीच. आता ती एकटी. देवाने नेलं, हा एकच आधार सगळ्यांनी मिळून तिला दिला होता, आणि तोही मी ओढून घेतला. डॉक्टरांना सुनवायचं होतं तर त्यांच्या दवाखान्यात जाऊन सुनवता आलं असतं. ताट तसंच झाकून ठेवलं.

आज सकाळी क्लिनिक उघडायला आले तर ती पायरीवर बसलेली.

"काकी, काल मी..."

"थांब." तिने हात वर केला. "जो येते थो म्हनते, देवानं नेलं. मले त देवाचा असा राग आला रंजू, का दिवा लावनं सोडलं मी. एवढ्या मोठ्या गोंदियात त्याले माहीच पोरगी दिसली का? आन तू म्हनतेस, देवानं नाही नेलं."

"नाही नेलं, काकी."

"मंग वाचली असती?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. सरळ हो म्हणणं पुरतं खरं नव्हतं, आणि नाही म्हणणं तर खोटंच होतं. मी म्हटलं, "वेळेवर गेली असती तर बहुतेक वाचली असती."

ती रडली नाही. मान हलवत राहिली. "रोज तिचा खांदा शेकून देत होती मी. म्हटलं, बाई, दवाखान्यात जाय. त मले म्हने, माय, दवाखाना त मीच आहो." मग तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. "तुहा नाही दुखत खांदा?"

"आमच्या धंद्यात सगळ्यांचाच दुखतो, काकी."

"कोनता?"

"डावा," मी म्हटलं, आणि काय बोलून बसले ते मला तेव्हा कळलं.

"चाल."

"काकी, माझा हात मागे नेला की दुखतो, म्हणजे ते दुखणं नसेचंच. शिवाय आता पेशंट येतील..."

"चाल म्हटलं ना."

मी कुलूप परत लावलं. चौकातल्या दवाखान्यापर्यंत तिने माझं मनगट सोडलं नाही. रस्ता ओलांडताना नाही आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर तर नाहीच. सिस्टरने तिला बाहेर बसायला सांगितलं तर म्हणाली, इथंच बसू दे मले, आणि बसली. माझ्या हातापायांना चिमटे लावले, छातीवर गार गोळे चिकटवले, मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, काही नाही, ठीक आहे.

"ईसीजी ठीक निघाला, काकी," मी उठून बसत म्हटलं.

"झाला? एवढाच राहते?"

"एवढाच."

तिने त्या मशीनकडे पाहिलं. लहानसं मशीन, ट्रॉलीवर ठेवलेलं. तसं एक तुझ्या सेंटरच्या समोरच्या दवाखान्यातही आहे, रस्त्याच्या पलीकडे, हे तिला माहीत आहे. तू गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती आत्ता रडायला लागली, तोंड न झाकता, सिस्टरसमोर, डॉक्टरांसमोर. माझ्या दोन्ही दंडांना धरून हलवत राहिली.

"मंग तिचा काऊन नाही काढला वं? सांग न. तिचा काऊन नाही काढला?"

नस, हाड, हृदय, जे विचारेल ते मी तिला समजावून सांगू शकते, कुंदा. याचं उत्तर तू द्यायचं होतंस, आणि तिला ते न देताच तू निघून गेलीस.